अ‍ॅम्ब्रोशियाचा नायक, कचेरीतला कारकून : ‘बिली लायर’ समजून घेताना

‘बिली लायर’ हा १९६३चा कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण शेवटी एकच प्रश्न विचारतात : हा मुलगा गेला का नाही? दीड तास त्याच्या थापांवर हसून झालेलं असतं. अखेरीस सगळं जुळून येतं. तिकीट हातात, बॅग भरलेली, सोबतीला मनापासून आवडणारी मुलगी, समोर लंडनची गाडी. आणि तो जात नाही. ‘भित्रा निघाला’ म्हणून विषय संपवता येतो. मला मात्र ते उत्तर अपुरं वाटतं. दिग्दर्शक जॉन श्लेसिंजरने पहिल्या दृश्यापासून त्या क्षणाची तयारी केलेली आहे, आणि ती नीट पाहिली की हा चित्रपट नुसता विनोदी राहत नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमधलं एक औद्योगिक शहर. एकोणीस वर्षांचा बिली फिशर आई, वडील आणि आजीबरोबर राहतो आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ‘शॅड्रॅक अँड डक्सबरी’ या कंपनीत कारकुनी करतो. त्याला लंडनला जाऊन विनोदी लेखक व्हायचंय. सगळी कथा एका शनिवारात घडते, आणि त्या एका दिवसात बिलीच्या आजवरच्या सगळ्या थापा एकदम अंगावर येतात.

थापा तरी किती! कंपनीची कॅलेंडरं ग्राहकांना टपालाने पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने टपालाचे पैसे खिशात घातले आणि कॅलेंडरं घरी कपाटात दडवली. आता ती नाहीशी करायची म्हणून तो कचेरीच्या संडासात बसून ती फाडफाडून फ्लश करतो, आणि ती काही जात नाहीत. लग्नाचं वचन त्याने दोन मुलींना दिलंय. बार्बरा सोज्वळ, सदा संत्री सोलत बसणारी, डेव्हनमधल्या टुमदार घराची स्वप्नं रंगवणारी. रीटा कॅफेत काम करणारी, तोंडाने फटकळ. अंगठी मात्र एकच. ती एकीच्या बोटातून काढून दुसरीला द्यायची, म्हणून ‘सोनाराकडून मापाची करून आणतो’ अशी आणखी एक थाप. शिवाय डॅनी बून नावाच्या प्रसिद्ध विनोदवीराने लंडनमध्ये नोकरी देऊ केलीय, ही बातमी त्याने गावभर करून ठेवलीय. प्रत्यक्षात हातात आहे ते एक सभ्य, गोलमोल पत्र. उधारीच्या वहीतली सगळी खाती एकाच दिवशी वसुलीला यावीत, तसा हा शनिवार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे. बिलीच्या डोक्यात एक देश आहे, अ‍ॅम्ब्रोशिया. तिथे युद्ध जिंकलेलं आहे, रस्त्यावर संचलन चाललंय, लोक जल्लोष करतायत. सलामी घेणारा बिली, सैनिकांच्या रांगेतून चालणारा बिली, भाषण करणारा तोही बिली. मनातले मांडे सगळेच खातात, पण या मुलाने पाकशाळा उभारली आहे. आणि इथे चित्रपट एक फरक फार स्पष्ट करतो, जो पाहताना आपल्या नजरेतून निसटू शकतो. अ‍ॅम्ब्रोशिया म्हणजे थाप नव्हे. अ‍ॅम्ब्रोशियात बिली कुणालाही फसवत नाही, कुणाचं नुकसान करत नाही. थाप मारायला समोर दुसरा माणूस लागतो, आणि ती मारली की त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी हलतं. बार्बरा खरोखर लग्नाची वाट पाहते आहे. कॅलेंडरं कुणालातरी खरोखर मिळालेली नाहीत. बिलीचा घोटाळा असा की डोक्यातल्या देशात जसं सगळं नुसत्या म्हणण्याने घडतं, तसंच तो बाहेरही वागू पाहतो.

हे मनातलं जग दाखवायचं कसं, हा कुठल्याही दिग्दर्शकापुढचा अवघड प्रश्न. मूळ कादंबरी कीथ वॉटरहाउसची, १९५९ची. तिथे बिली स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो, त्यामुळे वाचक आपोआप त्याच्या डोक्यात बसलेला असतो. १९६०मध्ये वॉटरहाउस आणि विलिस हॉल यांनी तिचं नाटक केलं. लंडनच्या केंब्रिज थिएटरमध्ये ते लिंडसे अँडरसनने बसवलं, बिली होता अल्बर्ट फिनी, आणि पुढे त्याच्या जागी टॉम कोर्टनी आला, जो चित्रपटातही बिली झाला. नाटकाचं नेपथ्य फिशर कुटुंबाच्या घराचं. तिथे अ‍ॅम्ब्रोशिया दाखवणं शक्यच नव्हतं. प्रेक्षकाला दिसायचा तो बोलणारा, फेकणारा, घरच्यांना वैताग आणणारा मुलगा.

पटकथाही याच दोघांची. पण पडद्यावर श्लेसिंजरला दोन्ही जगं दाखवता येत होती, आणि त्याने जो मार्ग निवडला तो मला फार धाडसी वाटतो. त्या काळच्या चित्रपटांत स्वप्न सुरू होणार असलं की पडदा धूसर व्हायचा, लाटा उमटायच्या, संगीत बदलायचं. प्रेक्षकाला इशारा मिळायचा की आता हे खरं नाही. श्लेसिंजर बहुतेक वेळा हा इशारा देतच नाही. सकाळी घरात वडिलांची करवादणारी बोलणी चालू आहेत, आणि पुढच्याच क्षणी बिलीच्या हातात मशीनगन आहे, गोळ्या सुटतायत. पुन्हा एक कट, आणि सगळे जिवंत, बोलणी जिथे होती तिथेच. आपण दचकतो, मग हसतो. पण त्या दचकण्यातच सगळं आहे. बिलीला स्वतःला कुठलाच इशारा मिळत नाही. त्याच्यासाठी दोन जगांमध्ये उंबरठाच नाही, आणि दिग्दर्शक आपल्यालाही तो देत नाही.

याच तंत्रातून मनोराज्य कशासाठी आहे हेही कळत जातं. दर वेळी बिली निसटतो तो कुणीतरी त्याला लहान करतं तेव्हा. कुणी हुकूम केला की तो सेनापती होतो. घरचे चिडले की डोळ्यांपुढे दुसरेच आईवडील येतात, श्रीमंत, उंची राहणीचे, मुलाचं कौतुक करणारे. स्वप्न वाऱ्यावरून येत नाही. आधीच्या वाक्याला ते दिलेलं उत्तर असतं, तोंडाने देता न आलेलं.

सगळ्यात बोचरी वाक्यं घरातली आहेत. बिली शिष्यवृत्ती मिळवून ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे परीक्षेतून निवडलेल्या हुशार मुलांच्या शाळेत, शिकला. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांची वाटणी व्हायची, आणि कामगारवर्गातल्या मुलाने ग्रामर स्कूलमध्ये जाणं म्हणजे घराण्यात न घडलेली गोष्ट. वडील ते दर भांडणात ऐकवतात. आम्हाला ही संधी मिळाली नव्हती, तू उपकार मान. बिली उसळतो, स्वतःच्या हुशारीने मिळवलेल्या शिष्यवृत्तीबद्दलही आपण उपकार मानायचे का, म्हणून विचारतो. मला दोघांचीही बाजू पटते, आणि म्हणून हा प्रसंग जड जातो. मुलाला शिकवलं आणि त्यामुळेच तो परका झाला, हे त्या बापाचं दुःख आहे, फक्त ते शिव्यांमधून बाहेर पडतं. वडिलांची भूमिका विल्फ्रेड पिकल्सने केली आहे. हा मूळचा यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्सचा. महायुद्धाच्या काळात बीबीसीवर उत्तरेकडच्या उच्चारांत बातम्या वाचणारा आणि पुढे रेडिओवरचा घरोघरी ओळखीचा आवाज. तो जिव्हाळ्याचा आवाज इथे सतत चिडलेला ऐकताना त्या वेळच्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

चित्रपटाची सुरुवातही रेडिओनेच होते. बीबीसीच्या ‘हाउसवाइव्ज चॉइस’ या फर्माइशींच्या कार्यक्रमाचा आवाज, आणि कॅमेरा घरांवरून सरकत राहतो. एकसारखी घरं, चाळींसारख्या रांगा, नव्या इमारती, आपली फर्माइश लागते का म्हणून कान लावून बसलेल्या बायका. छायालेखक डेनिस कूपने हे सगळं रुंद पडद्यावर, सिनेमास्कोपमध्ये टिपलंय, आणि त्या रुंदीत घरांची रांग संपतच नाही. बिली अजून दिसलेलाही नसतो, पण तो कशातून पळू पाहतोय ते दिसून जातं.

चित्रीकरण मुख्यतः ब्रॅडफर्डमध्ये झालं. हे लोकरीच्या गिरण्यांवर श्रीमंत झालेलं शहर त्या वर्षांत झपाट्याने पाडून नव्याने बांधलं जात होतं. ‘स्वॉन आर्केड’ ही तिथली देखणी व्हिक्टोरियन बाजारपेठ १९६२मध्येच जमीनदोस्त झाली. चित्रपटात मागे दिसणारे राडारोड्याचे ढीग आणि उघड्या पडलेल्या भिंती सेटवरच्या नाहीत, शहर खरोखर तसं झालं होतं. डॅनी बून गावात येतो तोही नव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाला. बार्बराबरोबरचा संत्र्यांचा प्रसंग टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत घडतो, गिरणीमालकांच्या भव्य थडग्यांमध्ये. म्हणजे कंपनी अंत्यविधीची, प्रणय थडग्यांत, आणि आजूबाजूला जुनं शहर मरतंय. इतकं असूनही यातलं काहीच अंगावर येत नाही, कारण श्लेसिंजर मूळचा माहितीपटांचा माणूस. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरचा त्याचा माहितीपट गाजला होता. रस्त्यावरची माणसं टिपताना त्यांना कथेचा हमाल न करण्याची त्याची सवय इथे कामी आली.

त्या काळात उत्तर इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घरांत, कारखान्यांत, पबमध्ये कॅमेरा नेणाऱ्या चित्रपटांची एक लाट आली होती. तिला ब्रिटिश न्यू वेव्ह म्हणतात. त्यातले नायक बहुधा रागीट, धडधाकट, परिस्थितीशी झुंजणारे. बिली त्यांच्यात बसत नाही. तो झुंजत नाही, कल्पना करतो. टॉम कोर्टनीचा किडकिडा देह आणि क्षणात खुलणारा, क्षणात मिटणारा चेहरा यासाठीच नेमका आहे. कोर्टनी स्वतः हल बंदरात बोटी रंगवणाऱ्या कामगाराचा मुलगा. त्याला हे घर शिकवावं लागलं नसणार.

अ‍ॅम्ब्रोशियात सतत लष्करच का, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची भरती १९६०च्या अखेरीस थांबली. बिलीच्या वयाची मुलं तिच्यातून सुटलेली पहिलीच पिढी. आधीच्या पिढीकडे युद्धाच्या आठवणी होत्या, पदकं होती, शहराच्या चौकात स्मारक होतं. बिलीच्या वाट्याला कॅलेंडरं आली. माझ्या मते म्हणूनच त्याच्या देशाला आधी एक युद्ध जिंकावं लागतं.

इथे थोडं मानसशास्त्र. ‘दिवास्वप्नं पाहणं हा आजार आहे का?’ असं बिलीकडे पाहून विचारलं जातं. कादंबरीतला बिली याचं उत्तर स्वतःच्या पद्धतीने देतो. तो आपल्या विचारांना क्रमांक देतो. पहिल्या क्रमांकाचा विचार म्हणजे ठरवून, मजेने केलेली कल्पना. दुसऱ्या क्रमांकाचा म्हणजे नको असताना येणारे, भीतीने पोखरणारे विचार. जवळपास त्याच काळात अमेरिकेत जेरोम सिंगर हा मानसशास्त्रज्ञ दिवास्वप्नांचा पद्धतशीर अभ्यास करत होता. तो ज्या शैलींपर्यंत पोहोचला त्या तीन : आनंद देणारी, रचनात्मक स्वप्नं, अपराधभाव आणि भीतीने भरलेली स्वप्नं, आणि लक्ष एकाजागी टिकतच नाही म्हणून भरकटणारं मन. पहिल्या दोन शैली बिलीच्या दोन क्रमांकांशी किती जुळतात पाहा. सिंगरचं म्हणणं होतं की दिवास्वप्नं पाहणं हे निरोगी मनाचं सर्वसाधारण काम आहे. त्यातून माणूस योजना करतो, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो, कंटाळा सोसतो. २००२मध्ये इस्रायलचा एली सोमर याने स्वप्नरंजनाच्या अशा टोकाचं वर्णन केलं जिथे तासन् तास त्यातच जातात आणि कामधाम, नाती कोलमडतात. पण पडद्यावरच्या मुलाला असं एखादं लेबल चिकटवून काही हाती लागत नाही.

बिलीला समजून घ्यायला मला दुसरंच एक संशोधन जास्त उपयोगी वाटतं. गाब्रिएले ओटिंगेन ही जर्मन मानसशास्त्रज्ञ दोन गोष्टींत फरक करते. ‘मला नोकरी मिळेल’ असा अनुभवावर आधारलेला अंदाज एकीकडे, आणि नोकरी मिळाली आहे असं गोड चित्र रंगवत बसणं दुसरीकडे. शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना तिने याबद्दल विचारलं आणि दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. आशादायक अंदाज असलेल्यांचं बरं चाललं होतं. पण गोड चित्रांत जास्त रमलेल्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीची बोलावणी कमी आली होती, पगारही कमी होता. पुढच्या प्रयोगांत तिला दिसलं की इच्छा पुरी झाल्याचं चित्र मनात रंगवलं की अंगातला जोर ओसरतो. जे मिळवायचंय ते मनाने आधीच उपभोगलेलं असतं.

बिलीने लंडन असंच आधी उपभोगलंय. डॅनी बूनच्या नोकरीची बातमी गावाला देताना त्याला जे कौतुक मिळालं, ते खऱ्या नोकरीशिवायच मिळालं. खरा डॅनी बून समोर येतो तेव्हा तो वाईट माणूस नसतो, फक्त घाईत असतो. लंडनला आलास तर भेट, इतपतच त्याचं बोलणं. बिलीच्या लंडनला लागलेला हा पहिला ओरखडा.

आणि मग लिझ. बिलीला मनापासून आवडणारी, ज्युली क्रिस्टीने साकारलेली ही मुलगी एका ट्रकमधून उतरते आणि हातातली पर्स झुलवत गर्दीतून चालत राहते. संवाद नाही, रिचर्ड रॉडनी बेनेटचं जॅझच्या अंगाने जाणारं संगीत, दुकानांच्या काचांतली प्रतिबिंबं, वळून पाहणारी माणसं. ती कुठलीही पडेल ती नोकरी करते, कंटाळली की दुसऱ्या गावी जाते. अवघ्या काही मिनिटांच्या त्या चालण्याने पडद्यावरची हवा बदलते. ही भूमिका आधी दुसऱ्या अभिनेत्रीकडे होती, ती आजारी पडल्यावर क्रिस्टी आली. तिचा जन्म १९४०चा, आसाममधल्या चहामळ्यातला. या छोट्या भूमिकेनंतर दोनच वर्षांनी आलेल्या श्लेसिंजरच्याच ‘डार्लिंग’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

लिझला पुष्कळ जण ‘वास्तवा’चं प्रतीक मानतात. एकीकडे स्वप्नाळू मुलगा, दुसरीकडे व्यवहारी मुलगी. मला हे वाचन चुकीचं वाटतं, आणि त्याचा पुरावा चित्रपटातच आहे. रात्री बागेत बिली तिला अ‍ॅम्ब्रोशियाबद्दल सांगतो. ती हसत नाही. तीही कल्पना करते, आणि आपल्या घरात हिरव्या दाराची एक वेगळी खोली ठेवू, तिथे फक्त कल्पना करायची, असं सुचवते. हे फार महत्त्वाचं आहे. लिझ त्याला स्वप्नं सोडायला सांगत नाही. स्वप्नांना एक खोली द्यायला सांगते, दार असलेली. बाकीचं घर राहण्यासाठी. याच क्षणी झुडपाआड लपून ऐकणारी बिलीच्या ओळखीची टवाळ पोरं खिदळतात आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात खाजगी गोष्ट चव्हाट्यावर येते. लिझ म्हणते, चल, आज रात्रीच लंडनला जाऊ.

त्याच रात्री आजी वारते. रुग्णालयाच्या बाकावर बसलेली आई बिलीला सांगते की घरी तुझी गरज आहे. अडचणी मागे टाकून जाता येत नाही, त्या बॅगेत भरून बरोबरच नेतोस, असंही ती म्हणते. मोना वॉशबर्नने हे इतक्या साधेपणाने म्हटलंय की त्यात धाक नाही, फक्त थकवा आहे. तरी बिली स्टेशनवर जातो. हे विसरू नये. तो गाडीत बसतो. लिझ समोर आहे. आणि मग त्याला दूध आणायचं सुचतं.

फलाटावरच्या यंत्रात तो नाणी टाकतो. दूध हातात येतं. तो वळत नाही. वेळ आहे, गाडी उभी आहे, तो तिथेच घुटमळतो. शिट्टी झाल्यावर धावतो, पण तेव्हा धावणं हा अभिनय असतो, आणि तो कुणाला उद्देशून आहे हेही त्याला ठाऊक नसावं. गाडी हलते. बिलीची बॅग फलाटावर ठेवलेली आहे. लिझने ती आधीच उतरवून ठेवलीय. खिडकीतून ती पाहते, चेहऱ्यावर राग नाही, एक मंद, ओळखीचं हसू. त्याला तिने त्याच्याआधी ओळखलेलं असतं.

भीती आहेच, नाही असं नाही. आईचं बोलणं आहे, आजीचा मृत्यू आहे, ही कारणं खोटी नाहीत. पण मला त्या घुटमळण्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती गाडी त्याला ज्या लंडनला नेणार होती तिथे भाडं भरावं लागणार होतं, लिहिलेलं नापसंत होणार होतं, आणि लिझसमोर रोज खरं बोलावं लागणार होतं. अ‍ॅम्ब्रोशियात तो कधीच हरत नाही. लंडनला गेला असता तर त्याला कळलं असतं की आपण लेखक आहोत की नाही. न गेल्यामुळे तो प्रश्न कायमचा शाबूत राहिला. रस्त्याने घरी परतताना त्याच्यामागे अ‍ॅम्ब्रोशियाची फौज चालू लागते, आणि तो तिच्यापुढे ताठ चालतो. काही समीक्षकांना हा पराभव वाटतो, काहींना कल्पनाशक्तीचा विजय. मी पहिल्यांच्या बाजूने आहे, पण पाहताना मान त्याच्याबरोबर ताठ होते हेही खरं.

ज्यांनी ही गोष्ट सांगितली ते सगळे मात्र गाव सोडून लंडनला गेलेले लोक होते. कीथ वॉटरहाउस १९२९मध्ये लीड्समध्ये जन्मला. शाळा सोडल्यावर त्याने खरोखरच अंत्यविधीच्या एका कचेरीत कारकुनी केली, मग स्थानिक वृत्तपत्रात आला, आणि तिथून लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये गेला. विलिस हॉलही लीड्सचाच, दोघांची ओळख तरुणपणीची. हलचा कोर्टनी लंडनच्या नाट्यशाळेत शिकला. यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घरच्यांना सांगून, बॅग उचलून तीच गाडी पकडली होती. वॉटरहाउसला कचेरी माहीत होती, कॅलेंडरांचे गठ्ठे माहीत होते, आणि गाडीत बसल्यावर पुढे काय होतं तेही माहीत होतं. तरी १९७५मध्ये त्याने बिलीवर दुसरी कादंबरी लिहिली, तेव्हाही त्याला लंडनला पाठवलं नाही. तिथे बिली मध्यमवयाकडे झुकलेला आहे, लग्न झालेलं आहे, आणि थापा अजून चालूच आहेत.